शालूबाईची वस्ती

"हे नाव पुसून टाक. आत्ताच्या आत्ता," शालूबाई म्हणाली आणि तिने उंबऱ्यातच बैठक मारली, जणू दार बंद असणं पुरेसं नव्हतं.

धैर्यशीलने मोबाईल उघडला. इस्लामपूरच्या कॉलेजात तो भूगोल शिकवत असे आणि सुट्टीच्या दिवशी शिवारातल्या वाटा पायाखाली घालून खुल्या नकाशात उतरवत असे. हा नकाशा कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नव्हता. कुणीही तो दुरुस्त करावा, कुणीही फुकट वापरावा. मोठ्या कंपन्यांच्या नकाशात हे गाव एका ठिपक्यात संपत होतं. धैर्यशीलने त्यात विहिरी, पाणंदी, वस्त्या, एकूण एक मांडलं होतं. या वस्तीला गाव आप्पासोची वस्ती म्हणे. पण नवऱ्याच्या, आप्पासोच्या माघारी हे रान शालूबाईनेच राखलं, म्हणून त्याने मुद्दाम तिचं नाव घातलं होतं. ते पडद्यावर बघून ती तेव्हा पदराआड हसली होती.

आतल्या खोलीच्या चौकटीला धरून तिच्या बहिणीची लेक मंगल उभी होती. तिच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर होतं.

"पुसलं?"

"पुसलं, काकू."

"म्हंजे मंगलच्या नवऱ्याच्या मोबाईलमधनंबी गेलं?"

 वर्गात धैर्यशील हीच गोष्ट या नकाशाचा मोठा गुण म्हणून सांगत असे.

"नाही. एकदा मोबाईलमध्ये उतरवून घेतला की रेंज नसतानाही चालतो. ज्यानं आधीच घेतलाय, त्याच्याकडं जुनाच राहणार."

 शालूबाईच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"सकाळी पारावर आलता त्यो," ती म्हणाली. "मोबाईल पुढं करून इचारत हुता, ही वाट कुठनं जाती. एकानंबी तोंड उघडलं न्हाई. पोराटोरांनीबी न्हाई. अख्खा गाव गप बसला, धैर्यशील. बोलला त्यो तुझा नकाशा."

"पोलिसांना फोन केलाय. निघालेत ते."

"येतील की. ह्या बारीला हात मोडलाय. पुढच्या बारीला काय मोडल, ते येऊन बघतील." तिने आवाज खाली आणला. "आन् गावाचं झालं, पर माझ्या दिराचं काय? पाणंदीच्या तोंडालाच नानासोचं रान. बांधापायी माझ्याशी बोलत न्हाई, दुसऱ्याशी बोलंल की. आन् बहिरा त्यो, त्याचं बोलणं सगळं शिवार ऐकतं."

तेवढ्यात लांबून मोटरसायकलचा आवाज आला. मंगलने मान वर केली नाही.

"त्यांचीच गाडी हाय," ती म्हणाली आणि आत अंधारात सरकली.

धैर्यशील उठला. आपण का उठलो हे त्याला नीट उमगलं नाही. कदाचित बसून ते ऐकत राहणं अधिक कठीण होतं. "कडी लावून घ्या," एवढंच म्हणून तो पाणंदीने चालू लागला. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर गेला होता. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त आवाज जवळ येत होता. पाय मागे वळायला बघत होते.

वळणावर गाडी समोर आली आणि थांबली. माणूस धिप्पाड नव्हता. नीट भांग, इस्त्रीचा शर्ट, हँडलला अडकवलेली पिशवी. हॉटेलात शेजारी बसला असता तर धैर्यशीलने त्याला मीठ पुढे केलं असतं.

"शालूबाईची वस्ती हीच न्हवं?" त्याने मोबाईल धैर्यशीलच्या तोंडापुढे धरला. पडद्यावर पाणंद होती, विहीर होती आणि वाटेच्या टोकाला ते नाव होतं. एक रेघही चुकलेली नव्हती.

"नाही. पुढं वस्ती नाही."

"ह्यात दावतंय की."

"चूक आहे ते. पुढं नुसता ऊस आहे."

मागे कुत्रं भुंकलं. 

"मग कुत्रं कुणाचं?"

"राखणीचं. डुकरं येतात उसात."

तो माणूस गाडीवरून उतरला नाही, पण त्याने इंजिन बंद केलं. त्या शांततेत आपला श्वास त्या माणसालाही ऐकू जात असेल, असं धैर्यशीलला वाटलं.

"नकाशा चुकलाय, हे तुमाला कसं कळलं?"

"मीच काढलाय तो."

त्याने धैर्यशीलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हसला. "फुकटचं त्ये असलंच. मग नीट करायचा का न्हाई, मास्तर?"

"आत्ताच केला."

त्याने किक मारली, त्या अरुंद वाटेत मागेपुढे करत गाडी वळवली आणि धूळ उडवत तो निघून गेला.  धैर्यशील वाटेच्या मधोमध उभाच राहिला, कारण गाडीचा आवाज डांबरी रस्त्यापर्यंत पोचला नव्हता. पाणंदीच्या तोंडाशीच तो थांबला होता. नानासोच्या बांधापाशी.

उसाचं पान हललं तरी त्याला दचकायला होत होतं. गाडीवाला काय विचारतोय, ते ऐकू येत नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं असावं, अधिक मोठ्याने. मग उसावरून नानासोचा तो सगळ्या शिवाराला ऐकू जाणारा आवाज आला.

"शालूबाई? कोण गा शालूबाई?"