ओल्या रंगातला अंगठा

"तुझे ठसे घेतले का त्यांनी?" बाबांनी विचारलं.

"केव्हाच. पहिल्याच दिवशी, दहाही बोटांचे." ती काचेवर शाईचा रोलर फिरवत होती. "राज्य पोलिसात शिरायचं तर आधी स्वतःचे ठसे द्यावे लागतात. माझी मैत्रीण म्हणते, तू चुकूनही चोरी करू नकोस. माझ्या डाव्या अंगठ्यावर चक्र आहे ना, त्याच्या मधोमध रेघ फुटून चिमटा झालाय. अख्ख्या तुकडीत तसा कुणाला नाही."

बाबा हसले नाहीत. रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून ते ब्रशाचे केस उगाच विंचरत राहिले.

ती प्रशिक्षण केंद्रातून सुट्टीवर आली होती, पण सरांनी सुट्टी सुखाची ठेवली नव्हती. प्रत्येकाला आपापल्या भागातल्या एका जुन्या, न सुटलेल्या चोरीची माहिती आणि एक बंद पाकीट दिलं होतं. पाकिटात चोरीच्या जागी सापडलेल्या ठशाचा मोठा केलेला फोटो होता. सराव म्हणून घरच्यांचे ठसे घ्यायचे आणि मगच पाकीट उघडून एकेक लावून बघायचा. आधी फोटो पाहिला की डोळे त्यांना हवं तेच बघतात, असं सर म्हणत. शेवटी स्वतःचेही ठसे लावायचे, कारण नवशिके पोलीस पुराव्यावर आपलाच हात उमटवतात आणि मग गावभर चोर शोधत फिरतात. माणूस म्हातारा होतो, बोटावरची नक्षी होत नाही, हे सरांचं लाडकं वाक्य.

आईने हौसेने हात पुढे केले. "घे बाई. भांडी घासून काही उरलं असेल तर घे. पोलिसात जायची लक्षणं तुझी लहानपणापासूनचीच. बाबांच्या मागे मागे कामावर जायचीस. हे बंगल्याची किल्ली मागून आणायला विसरायचे आणि तू वरच्या झडपेतून आत उतरून मागच्या दाराची कडी काढायचीस. एवढीशी होतीस, पण भीती म्हणून नाही."

"बाबांचे ब्रश आत राहिलेले असायचे," ती हसत म्हणाली. "आणि मला लिमलेटची गोळी मिळायची. बाबा, आता तुमचा हात."

"माझ्या बोटांवर काही नाही. थिनरने सगळं पुसलं."

"बघू तरी."

"नको म्हटलं ना." ते उठून मागच्या अंगणात गेले.

आईने आवाज खाली आणला. "राहू दे. पोलिसांचं नाव निघालं की त्यांचं असंच होतं. तू लहान असताना त्यांना चौकीवर नेलं होतं. कुठल्याशा बंगल्यात चोरी झाली, आणि रंगकाम यांचं होतं. बोटं काळी करून घेतली आणि दिलं सोडून. तेव्हापासून घरं रंगवायची सोडली ती सोडलीच. आता दुकानांच्या पाट्या रंगवतात तेवढंच."

तिने माहितीचा कागद पुन्हा उघडला. रंगकाम चालू असलेला बंगला, मालक परगावी. कुलूप शाबूत, कपाटातले दागिने गायब. लाकडाच्या ओल्या रंगात एकच अंगठा.

बाबांना सोडलं, म्हणजे ठसे जुळले नव्हते, की कुणी धड बघितलेच नव्हते? जुळले तर स्वतःच्या बापाला आपल्या हाताने धरून द्यायचं. नाही जुळले, तर ते एवढे घाबरतात कशाला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वडील घरी नव्हते असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण दोनदा नापास होऊन, धावून धावून पाय सोलून मिळवलेली ही नोकरी, आणि तिची सुरुवात खोट्याने करायची? ते तिला नको होतं.

ती अंगणात गेली.

"बाबा, हात द्या. नाहीतर माझ्या मनात ते कायमचं राहील."

"काय राहील?"

तिने शाईची काच पुढे केली. बाबांनी फडक्याला हात पुसले.

"घे. पण त्या फोटोशी फक्त माझे लाव. नाही जुळले तर विषय संपला. कबूल?"

"कबूल."

ठसा स्वच्छ उमटला. थिनरने काहीसुद्धा पुसलेलं नव्हतं. अंगठ्यावर ठळक शंख होता.

घरात येऊन तिने पाकीट फोडलं. फोटो जेमतेम अर्धा बाहेर काढला तेवढ्यातच कळलं. रेघा गोल फिरत होत्या. ते चक्र होतं.

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले आणि स्वतःची लाजही वाटली.

"बाबा, तुमचा नाही. हे चक्र आहे, तुमचा शंख."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "ठेव आता ते आत."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद का नाही, हे तिला कळेना. जुनी भीती असेल, इतक्या सहज जाते थोडीच, असं तिने स्वतःला समजावलं. आईच्या अंगठ्यावरही शंखच निघाला. आई चहा टाकायला गेली.

फोटो परत पाकिटात सरकवताना तिला सरांनी दिलेल्या ठशांच्या तक्त्यातली शेवटची रिकामी चौकट दिसली.

"एक राहिलंच की. माझे स्वतःचे."

"कबूल केलं होतंस," बाबा दारातून म्हणाले.

"अहो, नुसता नियम आहे. इतक्या वर्षांपूर्वीच्या चोरीत मी कुठून येणार?"

तिने भिंग उचललं आणि फोटो पाकिटातून पूर्ण बाहेर ओढला. चक्राच्या मधोमध रेघ फुटून चिमटा झाला होता.