सिंकखालचं पातेलं

बटाटे उकडून झाले, सोलून झाले, लसूण-मिरचीचं वाटणही झालं, तेव्हा कुठे उत्तराने फोन उचलला. आधी वड्यांची तयारी, मग फोन, हा अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या त्यांच्या चार मराठी घरांचा दहा वर्षांचा शिरस्ता. कुणाकडे काही बिघडलं की शनिवारी सकाळी चारही घरचे नवरे पान्हे आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर! एक जण सिंकखाली आडवा, दुसरा टॉर्च धरून, उरलेले दोघे अक्कल शिकवायला. चार इंजिनियर आणि एक गळका पाइप. दोन तास सहज जायचे, मग सगळ्यांना गरम वडे. अमेरिकन प्लंबरने दहा मिनिटांत उरकलं असतं, पण आपली माणसं असताना त्याला बोलावतंय कोण? सत्त्याहत्तर साली उत्तरा आणि तिच्या नवऱ्याने हे घर घेतलं, तेव्हा घरातल्या सामानाची वॉरंटी विकायला एक एजंट आला होता. त्या चौघांतल्या प्रसन्नने त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. "यांची वॉरंटी आम्हीच," म्हणाला होता.

त्या चौघांतला एक, म्हणजे उत्तराचा नवरा श्रीराम, मार्चमध्ये घर सोडून गेला. ऑगस्टमध्ये घटस्फोटाचे कागदही झाले. घर तिच्याकडे राहिलं, टूलबॉक्स तो घेऊन गेला.

त्यानंतर तिच्याकडे पहिल्यांदाच काही बिघडलं होतं. सिंकखालचा पाइप गुरुवारपासून गळत होता. खाली पातेलं ठेवायचं आणि भरलं की ओतायचं, हेच चाललं होतं. आज पाइप, उद्या थंडीत घर तापवणारी ती म्हातारी फर्नेस. होम वॉरंटीचं, म्हणजे घरातलं काही बिघडलं की कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करणार, असं एक पत्रक महिनाभर फ्रिजवर लटकत होतं. वर्षाला अडीचशे डॉलर, मुदत सोमवारपर्यंत. पैसे होते हो, पैशांचा प्रश्नच नव्हता. पण ते घ्यायचं म्हणजे 'मला आता कुणी नाही' असं आपल्याच हाताने सही करून द्यायचं, असं तिला वाटायचं. म्हणून तर आज वडे, आणि फोन प्रसन्नच्या घरी.

"हॅलो, मृणालिनी? अगं, उत्तरा बोलतेय. माझा सिंक गळतोय बघ. प्रसन्नला म्हणावं..."

"कोण गं?" मागून प्रसन्नचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "वहिनी का? काय, सिंक? सांग, आलोच पान्हा घेऊन..."

आणि आवाज बंद झाला. मृणालिनीने रिसीव्हरवर हात ठेवला असणार. उत्तरा फोनची वेटोळी वायर बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिकडे हाताआड काहीतरी बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता.

"अगं, प्रसन्न नाहीये घरी," मृणालिनी परत आली. "हार्डवेअरच्या दुकानात गेलाय. कधी येईल काही नेम नाही."

उत्तराने बोटाला गुंडाळलेली वायर सोडवली. तोंडावर खोटं पकडावं का? पण मग पुढे बोलायचं कुणाशी?

"हो का?" ती म्हणाली. "मग कुमारला विचारू का?" कुमारही त्या चौघांतलाच.

"तू ना, ती वॉरंटी का नाही घेऊन टाकत?" मृणालिनी घाईघाईने म्हणाली. "एकट्या बाईला ते बरं असतं गं. कुणाचा मिंधेपणा नको. आणि लोकांची तोंडं आपण धरणार आहोत का? काहीही बोलतात."

"वड्यांचं सगळं करून ठेवलंय मी."

"अय्या, तुझ्या हातचे वडे! पुन्हा कधीतरी नक्की हं." मग मृणालिनीचा आवाज एकदम मऊ झाला. "उत्तरा, काही लागलं तर सांग हं. संकोच करू नकोस."

फोन ठेवल्यावर उत्तरा ओट्यापाशी आली. परातीत दोन डझन बटाटे. एकटीने खायचे म्हटलं तरी आठवडा जाईल! तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. बाहेर शेजाऱ्याच्या अंगणात कुणीतरी पानं गोळा करत होतं, म्हणून तिने खिडकीकडे पाठ केली.

मग डोळे पुसून तिने फ्रिजवरचं पत्रक काढलं. पुढच्या पानावर टूलबॉक्स घेतलेला एक माणूस, बत्तीस दात दाखवत. त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. तिने पत्रक उलटलं, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला बसली. ती सहसा कुणी वाचत नाही. छताची गळती यात येत नाही. अंगणातला पंप येत नाही. घरच्यांनी खटपट करून बिघडवलेलं येत नाही. वॉरंटी घेण्याआधीच बिघडलेलं असेल, तर तेही येत नाही. अशा सतरा गोष्टी. तिने एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं.

श्रीराम गेला त्या आठवड्यात तिन्ही घरची माणसं डबे घेऊन आली होती. काही लागलं तर हाक मार, असं प्रत्येकाने दारातून निघताना सांगितलं होतं. कशाकशाला येणार नाही, ते कुणी सांगितलं नव्हतं. या वॉरंटीवाल्यांनी निदान आधीच छापून दिलं होतं.

उत्तराने चेक लिहिला, सही केली, पाकीट चिकटवलं. मग उठून सिंकखालचं दार उघडलं. पातेलं काठोकाठ भरलं होतं. पाइप आधीच बिघडलेला, तो वॉरंटीत येत नव्हता. तिने पाणी ओतलं आणि पातेलं पुन्हा गळतीखाली नीट सरकवून ठेवलं.