दाराजवळची पट्टी

शंभर सेंटीमीटरहून उंच मुलाला अर्धं तिकीट, त्याखाली फुकट, असा त्या गाडीचा नियम होता. चढताना तपासनीसाने माझ्या लेकीला दाराजवळच्या पट्टीला उभं केलं. एकशे चार. मी अर्धं तिकीट काढलं.

दोन स्टेशनांनंतर त्याने पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णव.

"ताई, पोरगी वाढायची सोडून आटायला लागली की!" तो हसत म्हणाला.

तो गेल्यावर मी स्वतः मोजलं. टाचा टेकलेल्या होत्या, मान ताठ होती. ब्याण्णव.

सकाळपासून प्रत्येक पाटी मोठ्याने वाचणारी लेक आता पाट्यांकडे नुसती बघत होती. तिचे बूट पायांतून निसटून पडले.

तपासनीस परत आला, तेव्हा हसला नाही. "तिला कडेवर घ्या, ताई."

"पुढच्याच स्टेशनवर उतरतो आम्ही!"

"आता गाडी थेट शेवटीच थांबते. अजून तीन तास आहेत."