लग्नाआधीचा कागद

आखातात डोक्यावरून क्षेपणास्त्रं जाऊ लागली, तेव्हा घाबरलेल्या ऑस्टिनने साध्या कागदावरच मृत्युपत्र लिहिलं. रूमवरचे दोघे साक्षीदार झाले, खर्च काहीच नाही. आपल्यामागे वसईचं घर भावाने बळकावू नये, म्हणून ते होणाऱ्या बायकोच्या, शर्लिनच्या नावे लिहिलं. मग सुट्टीवर येऊन चर्चमध्ये लग्न केलं आणि परत गेला.

आज शर्लिनने तो कागद वकीलबाईंपुढे ठेवला आणि "हा चालेल ना?" असं दोनदा विचारलं.

"अगं, घाबरतेस काय! सह्या, साक्षीदार, सगळं बरोबर आहे. फक्त हे लग्नाआधीचं आहे ना? आपल्या ख्रिस्ती लोकांत लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. नवीन लिहायला सांग त्याला, नाहीतर घरात भावाचाही वाटा निघेल. दहा मिनिटांचं काम."



शर्लिनने पुन्हा ऑस्टिनचा नंबर लावला. परवापासून तो बंदच येत होता.