वाऱ्याची अट

हरिपुरात हमालांची बैठक पेवांच्या माळावरच भरली. पायांखाली, दोन-दोन पुरुष खोल, अरुंद तोंडाच्या पेवांत व्यापाऱ्यांची हळद साठवलेली होती. चैत्राचं ऊन कलत आलं होतं. माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, तरी मधे एक जागा मोकळीच राहिली. तिथलं पेवाचं तोंड नुकतंच दगडमातीनं बुजवलं होतं. होळीच्या आधी नाथाजी त्या पेवात उतरला आणि कोंडलेल्या हवेनं आतच गेला; प्रेत तेवढं वरूनच गळ टाकून काढलं.

दोर त्याच्या जोडीदाराच्या, कृष्णातच्या हातात होता. खालून हाक आली नाही, हिसका बसला नाही. त्यानं ओढलं तर दोर मोकळाच वर आला. पोती भरताना अडचण होते म्हणून नाथाजीनं तो कमरेचा सोडून ठेवला होता. तेव्हापासून विहिरीवर गेला तरी कृष्णातला पोहरा ओढवत नसे. बायकोला म्हणे, "तू वड."

लालासाहेब उभा राहिला. लढाईवरून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, पण हमाल संघाचा कारभार आता तोच बघत होता.

"व्यापारी मजुरी वाढवायला तयार हाईत," तो म्हणाला. "पर वाऱ्याची अट त्यास्नी मान्य न्हाई."

अट साधीच होती. पेव उघडलं की एक दिवस वारा लागू द्यायचा. मग कंदील सोडून बघायचा. ज्योत टिकली तरच माणूस उतरवायचा. व्यापारी म्हणत, दर चढला असताना पेव दिवसभर उघडं टाकलं तर बाजार हातचा जातो.

"आता तुमीच सांगा. संप का काम?"

मग म्हातारा आकाराम खाकरला. "मजुरी वाढतीया न्हवं? मग लय ताणू नये गड्यांनो. माजा जल्म पेवात गेला. मला काय झालं? नाथाजीची येळ आली हुती, दुसरं काय."

माना हलू लागल्या. कृष्णातचीही हलणार होती. वेळ आली होती म्हटलं की दोर धरणाऱ्याच्या माथी काही उरत नव्हतं. हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून तो इतके दिवस वाट बघत होता. पण ते ऐकल्यावर त्याची मान हललीच नाही.

"ठीक हाय," लालासाहेब बुजवलेल्या तोंडाकडे बोट दाखवत म्हणाला. "मग उद्या पयलं ह्येच उघडायचं. निम्मी हळद आतच हाय. कोण उतरतंय?"

सगळे जमिनीकडे बघू लागले.

मागं, बायकांत, भामाबाई उठली. नाथाजीची बायको. व्यापाऱ्यांच्या वखारीत ती हळद निवडायला जायची. कपाळ रिकामं, हात मात्र कोपरापर्यंत पिवळेधमक.

"मी उतरते," ती म्हणाली. "भावजी दोर धरतील."

कृष्णातनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आगं, बाईमाणूस कुटं पेवात..." आकाराम चाचरला.

"खालच्या हवेला बाई-बाप्या कळतो व्हय, मामा?"

कृष्णात उठला. नाथाजी गेल्यापासून चारचौघांत त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"मी दोर धरणार न्हाई," तो म्हणाला. "वैनीचा न्हाई आन् दुसऱ्या कुणाचा बी न्हाई. वारा लागल्याबिगर न्हाई." आणि लालासाहेबानं विचारायच्या आतच त्यानं संपासाठी हात वर केला.

शेजारच्यानं केला. मग त्याच्या शेजारच्यानं. शेवटी आकारामानंही केला, मान दुसरीकडे वळवून.

संपाचा निरोप घेऊन लालासाहेब पेठेत गेला. माणसं पांगली. भामाबाई मात्र त्या बुजवलेल्या तोंडापाशी उभी होती. कृष्णात तिच्याजवळ गेला. एवढ्या दिवसांत तिच्यासमोर उभं राहायची त्याची छाती झाली नव्हती.

"वैनी, बरं केलंसा," तो म्हणाला. "तुमी तसं बोलला नसता तर समदी वाकली असती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो काय बोलतोय ते तिला उमगलंच नव्हतं.

"मी खरंच उतरणार हुते, भावजी. त्यांचा पटका आतच ऱ्हायलाय. तुमी समद्यांनी त्यास्नी उघड्या डोक्यानं मसणात न्हेलं."

कृष्णातचा हात स्वतःच्या डोक्यावरच्या पटक्याकडे गेला.

तिनं पुन्हा जमिनीकडे पाहिलं. "आता संप मिटंस्तवर ह्ये उघडायचं न्हाई, न्हवं?"