पॉइंट्सपायी वळसा

बाबा कामासाठी दर महिन्याला विमानाने जायचे. थेट विमान असूनही मुद्दाम मध्ये उतरून, चार तास थांबून दुसरं विमान धरायचे. "लांबून गेलं की पॉइंट्स जास्त मिळतात. पुढे तिकीट फुकट," असं ऐटीत सांगायचे. आई म्हणायची, "कसला हा द्राविडी प्राणायाम."

त्या मधल्या विमानतळावर त्यांची लेक त्याच विमान कंपनीच्या काउंटरवर बसायची. तिच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं एका डब्यात जेवायचे.

आज तिला वाटलं, एवढे पॉइंट्स साठलेत तर बाबांना पुढची ऐसपैस सीट देऊ. तिनंच काढून दिलेलं त्यांचं पॉइंट्सचं खातं तिनं उघडलं. त्यात एकही पॉइंट नव्हता. बाबांनी आजवर एकाही तिकिटावर त्या खात्याचा सभासद क्रमांक घातलाच नव्हता.

"किती झाले गं?" काउंटरपलीकडून बाबांनी विचारलं.

तिनं स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला. "अजून बरेच कमी पडतायत, बाबा. पुष्कळ फेऱ्या माराव्या लागतील."

"लागतील तर लागतील," बाबा पिशवीतून डबा काढत म्हणाले.

पॉइंट्स कमी पडले म्हणून इतका खूश झालेला प्रवासी तिनं त्या काउंटरवर पहिल्यांदाच पाहिला.