दगडामातीचं घर

सासूबाई पुन्हा अडगळीच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. एवढं ऐसपैस घर, तेही आत्ताच नव्याने सजवलेलं. ते सोडून रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या संगतीत! बाजूला बॅग भरलेली. संध्याकाळी लेक न्यायला येणार होती, आणि परत यायचं नाव त्या काढत नव्हत्या.

सून चहा घेऊन दाराशी उभी होती. या घरासाठी तिने जिवाचं रान केलं होतं, आणि तेही सासूबाईंसाठीच. "आमचं माहेरचं घर दगडामातीचं होतं," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या आणि केवढा मोठा उसासा टाकला होता! झालं, सुनेने मनावर घेतलं. जुनी घोटीव फरशी खणून काढली, खडबडीत दगड बसवला. भिंतींना जाडाभरडा मातीचा गिलावा, खाली काथ्याचे गालिचे, बसायला रंधाही न मारलेली बाकं. हात फिरायचा राहिला तो फक्त या खोलीवर.

"आई, माझं काय चुकलं? दोन शब्द सुनवा हवं तर, पण जाऊ नका हो."

"चुकलं कुठे गं? टोचतं!" सासूबाईंनी पाय पुढे केले. एकावर एक मोज्यांचे दोन जोड होते. "चाललं की टोचतं, बसलं की टोचतं, भिंतीला टेकावं तर पाठ सोलवटते. तू एवढं हौसेने केलंस. सांगू कुठल्या तोंडाने?"

सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने बाही वर करून आपलं कोपर दाखवलं. तेही सोललेलं.

"अगंबाई, तुझंसुद्धा?"

"तुम्हाला आवडतंय म्हणून सोसत होते!"

दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. सून तिथेच खाली बसली. जुनी फरशी कशी गार लागत होती.

"उद्याच माणसं बोलावून सगळं घासून घेते. पण आई, मग तो उसासा कसला होता?"

"सुटकेचा! तसल्या घरात लहानपणभर पाय सोलून घेतले." सासूबाई फरशीवरून तळवा फिरवत राहिल्या. "मग ह्यांचं स्थळ आलं. मी घर बघायला आले, ही फरशी बघितली आणि तिथल्या तिथे हो म्हटलं. नवरा तर मी लग्न झाल्यावर नीट पाहिला!"